बाईंनी हिशेब मागितला
(मार्गारेट हेली : एक जीवनकथा)

शिक्षकाच्या पगाराचा विषय निघाला की दोन तऱ्हेची माणसे हमखास बोलू लागतात. पहिल्या तऱ्हेची माणसे सांगतात की शिक्षण हे व्रत आहे आणि व्रताची किंमत पैशात करू नये. दुसऱ्या तऱ्हेची माणसे अधिक व्यवहारी असतात. मागणी रास्त आहे, हे ती आधीच मान्य करून टाकतात. फक्त तिजोरीत पैसा नाही, एवढेच ती हळहळून सांगतात. पहिले उत्तर ऐकून शिक्षकाला आपल्याच मागणीची लाज वाटू लागते. दुसरे ऐकून तो निरुत्तर होतो. कारण जे नाहीच ते मागायचे तरी कसे?

या दुसऱ्या उत्तराने निरुत्तर न झालेल्या एका शिक्षिकेची ही कथा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील शिकागो शहरात त्या सहावीच्या मुलांना शिकवीत होत्या. पगारवाढ देण्यास पैसा नाही असे शहराच्या शिक्षण मंडळाने जाहीर केले, तेव्हा त्यांनी एक अगदी साधा प्रश्न विचारला : पैसा नाही, तर तो का नाही? या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता त्यांचे सारे आयुष्य गेले. मार्गारेट हेली हे त्यांचे नाव. एके काळी शिकागोच्या वर्तमानपत्रांतून हे नाव सतत गाजत असे. बड्या कंपन्यांच्या वकिलांना ते धडकी भरवी आणि अमेरिकेतील हजारो प्राथमिक शिक्षिकांना ते आपले वाटे.

मार्गारेट अँजेला हेली यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६१ रोजी इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी झाला. अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड लागले तेच हे वर्ष. घराणे आयरिश वंशाचे, कॅथलिक पंथाचे आणि कष्टकरी. वडिलांना शालेय शिक्षण बेताचेच लाभलेले. पण राजकारणाची त्यांना मनापासून आवड होती आणि कष्टकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या चळवळींकडे त्यांचा ओढा होता. घरात रोजच्या घडामोडींवर चर्चा होत आणि त्यात मुलींनाही मज्जाव नसे. एकदा ते मुलांना घेऊन एका व्याख्यानाला गेले असता, स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी झगडणाऱ्या सुसान अँथनी यांची वक्त्याने टवाळी केली. वडील तत्काळ उठले आणि मुलांसह सभेतून बाहेर पडले. अन्याय चालला असताना बसून राहणे हीदेखील त्याला संमतीच होय, हा धडा मार्गारेटला घरीच मिळाला.

पुढे घरची परिस्थिती खालावली. कॉन्व्हेंट शाळेतले शिक्षण आटोपून सोळाव्या वर्षी तिने खेड्यातल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. त्या काळात मध्यमवर्गाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गरीब मुलीला मानाने पोट भरण्याचा दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच. पण नोकरी पोटासाठी धरली असली, तरी मुलांना शिकवणे हे केवळ घोकून घेणे नव्हे, ही जाणीव तिला लवकरच झाली. कर्नल फ्रान्सिस पार्कर हे अमेरिकेतील नव्या शिक्षणविचाराचे एक आद्य प्रवर्तक. त्यांच्या अध्यापन विद्यालयात तिने काही काळ शिक्षण घेतले. मूल हे भरायचे भांडे नसून उमलणारा जीव आहे, हा विचार तिथे तिच्या मनात पक्का रुजला. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांतून ज्यांचे नाव आपण वाचतो ते जॉन ड्यूई हे पार्करना फार मानत.

१८८४ च्या सुमारास हेलीबाई शिकागोच्या हेंड्रिक्स शाळेत रुजू झाल्या आणि पुढची सुमारे सोळा वर्षे तिथेच सहावीचा वर्ग शिकवीत राहिल्या. शाळा होती कत्तलखान्यांच्या वस्तीत. शिकागोचा तो काळ वेड्यासारखा वाढण्याचा होता. १८८० साली पाच लाखांची वस्ती असलेले हे शहर १९०० साली सतरा लाखांवर जाऊन पोचले. पोलंड, बोहेमिया, जर्मनी, आयर्लंड अशा देशोदेशींहून आलेल्या मजुरांची मुले एकाच वर्गात बसत. वर्गात चाळीस-पन्नास, कधी साठही मुले असत. अनेकांना इंग्रजीचा गंध नसे. या मुलांना अक्षरओळख करून द्यायची, भाषा द्यायची, स्वच्छता शिकवायची आणि अमेरिकेचे नागरिकही बनवायचे, असा हा चौपदरी बोजा होता.

तो बोजा उचलणाऱ्या जवळजवळ सगळ्या स्त्रियाच होत्या. माध्यमिक शाळांत आणि वरच्या अधिकारपदांवर पुरुषांचा भरणा अधिक होता आणि त्यांचे वेतनही अधिक होते. प्राथमिक शिक्षिकेचा पगार मात्र वर्षानुवर्षे नोकरी करूनही वर्षाला ८२५ डॉलरच्या आसपास येऊन थांबे आणि ही कमाल मर्यादा सुमारे वीस वर्षे जागची हलली नव्हती. शहर तिपटीने वाढले, घरभाडी वाढली, गिरण्या आणि गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या. बाईंचा पगार तेवढा स्थिर राहिला! याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. या शिक्षिकांना मताचा अधिकारच नव्हता. ज्याच्या हाती मत नाही, त्याचा पगार कापला तर कोणत्या नगरसेवकाची खुर्ची हलणार होती?

१८९५ मध्ये इलिनॉय राज्यात शिक्षकांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. तो टिकवावा आणि पगारवाढ मिळवावी, या हेतूने १८९७ साली प्राथमिक शिक्षिकांनी शिकागो टीचर्स फेडरेशन ही संघटना स्थापन केली. तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक होत्या कॅथरिन गॉगिन. शांत, मिस्कील आणि माणसे जोडणाऱ्या. हेलीबाई लवकरच संघटनेत आल्या. त्या उंचीने लहानखुऱ्या, डोळ्यांत तेज, बोलणे धारदार आणि चिकाटी अशी की धरले ते सोडायचे नाही. स्वभावांनी भिन्न असलेल्या या दोघींची जोडी जमली आणि पुढची सोळा-सतरा वर्षे ती अभंग राहिली.

संघटनेच्या रेट्यामुळे १८९८ मध्ये मंडळाने नवी वेतनश्रेणी मान्य केली. काही वर्षांत टप्प्याटप्प्याने कमाल पगार १००० डॉलरपर्यंत न्यायचा असे ठरले. पहिले टप्पे पदरात पडलेही. पण १८९९ साल संपता संपता मंडळाने हात वर केले. पैसा नाही, सबब पुढची वाढ रद्द! काटकसरीची कुऱ्हाड सर्वांत आधी शिक्षिकांच्या मानेवर पडली.

यापुढे काय व्हायला हवे होते, ते आपण सहज कल्पू शकतो. निषेधाची सभा, विनंतिअर्ज, शिष्टमंडळ, आश्वासन आणि विस्मरण! तसे घडले नाही, कारण या शिक्षिकांनी एक वेगळीच गोष्ट केली. शहराचा कर कोण भरतो आणि कोण भरत नाही, याची चौकशी करायचे त्यांनी ठरवले. १९०० च्या आरंभी संघटनेने हेली आणि गॉगिन यांना वर्गातून रजा घ्यायला लावून या कामी नेमले. सहावीच्या मुलांना अपूर्णांक शिकवणाऱ्या हेलीबाई सरकारी कचेऱ्यांतली धुळीने माखलेली कराची दप्तरे चाळू लागल्या. कायद्याची पदवी नाही, हिशेबनिसाचा अनुभव नाही. होती ती मुलांच्या वह्या तपासण्याची सवय. आणि तीच नेमकी उपयोगी पडली.

त्यांना जे सापडले ते समजून घेण्यासारखे आहे. शिकागोत ट्राम, गॅस, वीज आणि टेलिफोन या सोयी खाजगी कंपन्या पुरवीत. त्यांची खरी संपत्ती रूळ, नळ किंवा तारा ही नव्हतीच. शहराचे रस्ते वापरण्याचा जो मक्ता नगरपालिकेने त्यांना दिला होता, ती खरी संपत्ती. रस्ता जनतेचा, त्यावर नफा कंपनीचा! या मक्त्याच्या जोरावर कंपन्यांचे भाग बाजारात चढ्या भावाने विकले जात. इलिनॉयचा कायदा स्पष्ट होता. कंपनीच्या भागभांडवलाची आणि कर्जाची एकूण किंमत धरावी, तिच्यातून इमारती, यंत्रे वगैरे दृश्य मालमत्तेची कर-आकारणी झालेली किंमत वजा करावी, आणि उरलेल्या किमतीवर, म्हणजे मक्त्याच्या मोलावर, राज्याच्या कर-समानीकरण मंडळाने कर बसवावा. कायदा पुस्तकात होता. अंमल कुठेच नव्हता. पाच बड्या कंपन्यांच्या अशा करमुक्त राहिलेल्या मक्त्यांची किंमत शिक्षिकांच्या हिशेबाने साडेतेवीस कोटी डॉलर भरली. ज्या तिजोरीत शिक्षिकेला द्यायला पंचाहत्तर-शंभर डॉलर नव्हते, तिच्या दाराशी साडेतेवीस कोटींची मालमत्ता कर न भरता उभी होती!

शिक्षिका राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड येथे कर-समानीकरण मंडळापुढे गेल्या. मंडळाने दाद दिली नाही. तेव्हा त्या न्यायालयात गेल्या. कायद्याने नेमून दिलेले काम मंडळाने करावे, एवढाच हुकूम त्यांनी मागितला. ऑक्टोबर १९०१ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षिकांच्या बाजूने निकाल दिला. स्वतःला मत नसलेल्या बायकांनी शहरातल्या सर्वांत बलाढ्य कंपन्यांना कायद्यापुढे उभे केले होते. देशभर खळबळ उडाली.

परंतु कथा इथे संपली असती तर ती केवळ गोड गोष्ट झाली असती. कंपन्यांनी संघराज्याच्या न्यायालयाकडे धाव घेतली. तिथे आकारणी पुष्कळ खाली आली. १९०७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही कंपन्यांना मिळालेले हे संरक्षण कायम केले. तरीही वर्षाकाठी सुमारे सहा लाख डॉलरचा नवा कर शहराच्या पदरात पडू लागला. त्यातले अडीच लाखांच्या आसपास शाळांच्या वाट्याला आले. शिक्षिकांना वाटले, आता तरी थांबलेली वाढ मिळेल. शिक्षण मंडळाने तो पैसा घेतला आणि कोळशाची बिले व इमारतींची देखभाल यांवर खर्च करायचे ठरवले!

या क्षणी हेलीबाईंच्या ध्यानात आलेली गोष्ट त्यांच्या चरित्राचे मर्म आहे. पैसा नाही ही सबब खोटी ठरली, की लगेच दुसरी सबब तयार असते. तिजोरीत पैसा आणणे ही अर्धीच लढाई. तो कुठे जावा हे ठरवणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणे ही उरलेली अर्धी. शिक्षिका पुन्हा न्यायालयात गेल्या, या वेळी स्वतःच्याच मंडळाविरुद्ध. १९०४ मध्ये न्यायाधीश एडवर्ड डन यांनी शिक्षिकांना अनुकूल निकाल दिला. हेच डन पुढच्याच वर्षी शिकागोचे महापौर झाले आणि त्यांनी शिक्षण मंडळावर समाजसेविका जेन अ‍ॅडम्स यांच्यासारख्या सुधारक मंडळींची नेमणूक केली.

दरम्यान, नोव्हेंबर १९०२ मध्ये संघटनेने एक धाडसी पाऊल टाकले होते. ती शिकागोच्या कामगार महासंघात सामील झाली. त्यावर केवढे काहूर माजले! शिक्षिका म्हणजे कुलीन, सुशिक्षित स्त्रिया; त्यांनी खाटीक, गवंडी आणि गाडीवानांच्या पंक्तीला बसावे? हेलीबाईंची भूमिका अगदी निखळ होती. शिक्षिकांना मत नाही, पण कामगारांना आहे. आणि सरकारी शाळांत शिकतात ती मुले कोणाची? याच खाटकांची, गवंड्यांची आणि गाडीवानांची. बालमजुरीला आळा घालणारे कायदे हवे आहेत ते कामगारांना, आणि मुले कारखान्यांतून शाळेत यायला हवी आहेत ती शिक्षकांना. मग दोघांचे हित वेगळे कसे?

जमिनीचे प्रकरणही याच शोधातले. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जे भूमापन झाले, त्यात प्रत्येक नगरक्षेत्रातला सोळाव्या क्रमांकाचा एक चौरस मैल शाळांसाठी राखून ठेवला होता. शिकागोत हा तुकडा नेमका पुढे शहराचे हृदय बनलेल्या भागात आला. पण १८३३ साली, शहर अजून दलदलीतले खेडे असताना, १४२ भूखंडांपैकी चार सोडून सारे विकले गेले. मिळाले अवघे ३८ हजार डॉलर आणि काही शेकडे. उरलेल्या जमिनीही नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने भाड्याने गेल्या. ठराविक वर्षांनी भाड्याची फेरआकारणी करण्याचे कलम १८९५ मध्ये काही करारांतून काढून टाकण्यात आले. अशा भाडेकरूंत शिकागो ट्रिब्यून हे बलाढ्य वृत्तपत्रही होते. आणि त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष होते ते या पत्राचे वकील! शिक्षिकांनी हे सारे चव्हाट्यावर आणले. करार मोडण्याचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. परंतु शाळांच्या दारिद्र्यामागे दैव नसून दस्तऐवज असतात, हे लोकांना कळले.

शहराबाहेरही हेलीबाईंचा आवाज पोचू लागला. राष्ट्रीय शिक्षण संघ ही अमेरिकेतील शिक्षकांची सर्वांत मोठी संस्था. पण तिच्यावर वर्चस्व होते विद्यापीठांचे अध्यक्ष आणि शिक्षणाधिकारी यांचे. प्राथमिक शिक्षिकांनी वर्गणी भरावी आणि मागच्या बाकांवर बसून भाषणे ऐकावीत, असा रिवाज. १९०१ च्या डेट्रॉइट अधिवेशनात राष्ट्राचे शिक्षण आयुक्त विल्यम हॅरिस यांनी देशातील शिक्षणाचे गुलाबी चित्र रंगवले. हेलीबाई सभागृहातूनच उठल्या आणि पगार व कर यांची वस्तुस्थिती त्यांनी मांडली. आयुक्त महाशयांनी तिला उत्तर दिले नाही. वर्ष संपताना थकून गेलेल्या, मनाचा तोल गेलेल्या बाईंचे हे बोलणे आहे, ते मनावर घेऊ नये, असे त्यांनी सभेला सांगितले. मुद्द्याला उत्तर नसले की बाईच्या मनःस्वास्थ्यावर बोट ठेवायचे, ही युक्ती जुनीच आहे!

तीनच वर्षांनी, १९०४ मध्ये, सेंट लुइसच्या अधिवेशनात त्याच संस्थेच्या व्यासपीठावरून हेलीबाईंनी भाषण केले. शिक्षकांनी संघटित का व्हावे, हा विषय. अपुरा पगार, नोकरीची अशाश्वती आणि खचाखच भरलेले वर्ग या तीन दुखण्यांबरोबर त्यांनी चौथे दुखणे मांडले. शाळेचा कारखाना होत चालला आहे. वरून हुकूम यावा आणि शिक्षिकेने यंत्रासारखा तो अमलात आणावा, अशी घडी बसते आहे. ज्या शिक्षिकेला स्वतः विचार करण्याची मुभा नाही, ती मुलांना विचार करायला कशी शिकवणार? म्हणून पगाराचा प्रश्न आणि शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न वेगळे करता येत नाहीत, अशी त्यांची मांडणी होती.

१९०९ मध्ये एला फ्लॅग यंग शिकागोच्या शिक्षणाधिकारी झाल्या. एवढ्या मोठ्या अमेरिकन शहराच्या शाळांची सूत्रे एका स्त्रीच्या हाती प्रथमच आली होती. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय शिक्षण संघाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले, आणि या निवडीसाठी हेलीबाईंनी रान उठवले होते. मागच्या बाकांवरून आलेल्या बायकांनी आता अध्यक्षाची खुर्ची मिळवली! स्त्रियांच्या मतदानाच्या चळवळीतही त्या सतत होत्याच. १९१३ मध्ये इलिनॉयमधील स्त्रियांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मिळाले.

पण चढत्या कमानीला उतारही असतो. १९१५ च्या सप्टेंबरात मंडळाचे पुढारी जेकब लोब यांच्या पुढाकाराने एक नियम झाला. कामगार संघटनांशी जोडलेल्या संस्थेचे सदस्यत्व शिक्षकांनी ठेवू नये! १९१६ च्या जानेवारीत कॅथरिन गॉगिन यांचा शिकागोच्या रस्त्यावर एका ट्रकखाली अपघाती मृत्यू झाला. उजवा हात तुटावा तसे हेलीबाईंना झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स ही देशव्यापी संघटना जन्मली आणि शिकागोची संघटना तिची पहिली शाखा झाली. लगेच उन्हाळ्यात मंडळाने ६८ शिक्षकांना पुन्हा नेमणूक नाकारली. त्यांत संघटनेची कितीतरी माणसे होती आणि कामाबद्दल उत्तम शेरा असलेलीही होती.

हेलीबाईंपुढे आता मोठे धर्मसंकट उभे राहिले. तत्त्वाला चिकटून राहावे, तर घरी बसलेल्या शिक्षिकांचे काय? अखेर १९१७ मध्ये संघटना कामगार महासंघातून आणि देशव्यापी संघटनेतूनही बाहेर पडली. बडतर्फ शिक्षिका पुन्हा कामावर आल्या. त्याच वर्षी शिक्षकांना नोकरीची शाश्वती देणारा कायदाही राज्यात झाला. एका हाताने गमावले, दुसऱ्याने काही मिळाले. परंतु ज्या कामगारांच्या खांद्याला खांदा लावून ही संघटना उभी होती त्यांच्यापासून ती तुटली, आणि तिचे पूर्वीचे बळ पुन्हा कधी परतले नाही.

उत्तरायुष्यात हेलीबाईंनी पुन्हा कराची दप्तरे उघडली. शिकागोतील बड्या स्थावर मालमत्तांची आकारणी पक्षपाती आहे, हे त्यांनी १९२० नंतरच्या दशकात लावून धरले. म्हणणे खरे होते. १९२८ मध्ये राज्याने सर्व मालमत्तेची फेरआकारणी करण्याचा हुकूम दिला. पण फेरआकारणी होईपर्यंत करवसुलीच थांबली. आणि ती मार्गी लागते न लागते तोच महामंदीची लाट येऊन आदळली. त्यात मालमत्ताधारकांनी कर न भरण्याची मोहीम उघडली. न्याय्य करासाठी केलेली धडपडच काही काळ तिजोरी आटण्याला हातभार लावून गेली. इतिहासाची थट्टा म्हणतात ती हीच!

शिकागोच्या शिक्षकांना महिनोन्‌महिने रोख पगार मिळाला नाही. हाती पडत ती भावी कराच्या भरवशावर काढलेली वचनपत्रे. दुकानदार ती पडत्या किमतीला घेत, कुणी घेतच नसत. एप्रिल १९३३ मध्ये हजारो शिक्षक रस्त्यावर आले आणि शहराच्या बँकांत शिरून त्यांनी जाब विचारला. जुलैमध्ये मंडळाने काटकसरीचा जो आराखडा मंजूर केला, त्यात कनिष्ठ माध्यमिक शाळा बंद झाल्या, शहराचे कनिष्ठ महाविद्यालय बंद झाले, बालवाड्या निम्म्यावर आल्या, एकेका मुख्याध्यापकाकडे दोन-दोन शाळा आल्या आणि सुमारे १४०० शिक्षक घरी गेले. १९३४ मध्ये केंद्र सरकारच्या संस्थेकडून कर्ज काढून थकलेले पगार दिले गेले. त्या कर्जासाठी तारण ठेवल्या गेल्या त्या शाळांच्याच जमिनी! १८३३ च्या लिलावातून वाचलेली पुंजी अखेर अशी कामी आली.

या लढ्याच्या आघाडीवर मात्र सत्तरी ओलांडलेल्या हेलीबाई नव्हत्या. तरुण, नवी माणसे होती. १९३७ मध्ये निरनिराळ्या शिक्षकसंघटना एकत्र येऊन शिकागो टीचर्स युनियन स्थापन झाली. हेलीबाईंची संघटना तिच्यात विलीन झाली नाही. स्वतः उभारलेले घर सोडवत नाही, असे काहीसे झाले असावे. त्यांच्या नेतृत्वात हा दोष पहिल्यापासूनच होता. निर्णय एकहाती घेण्याकडे त्यांचा कल असे. माध्यमिक शिक्षकांना सामावून घेणारी संघटना त्यांनी केली नाही. प्राथमिक शिक्षिकांची अस्मिता जपता जपता एकजुटीचे वर्तुळ लहानच राहिले. ५ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची संघटना १९६८ पर्यंत कशीबशी तग धरून होती. त्यांनी सांगून लिहवलेले आत्मचरित्र तर १९८२ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर त्रेचाळीस वर्षांनी प्रकाशित झाले.

मग त्यांच्या पदरी यश किती आणि अपयश किती? साडेतेवीस कोटींच्या मालमत्तेवरचा पूर्ण कर कधीच वसूल झाला नाही. जमिनींचे करार मोडले नाहीत. जोडलेले मित्र सुटले. आयुष्याच्या संध्याकाळी आपल्या शिक्षिकांना रिकाम्या हाताने घरी जाताना त्यांनी पाहिले. जमाखर्च एवढाच मांडला, तर खात्यावर तूटच दिसेल.

पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हेलीबाईंच्या आधी शिक्षिकेचा पगार ही दयेची बाब होती. त्यांच्यानंतर ती हिशेबाची बाब झाली. शाळांचे अंदाजपत्रक हे आकाशातून पडत नाही. कोणाकडून किती घ्यायचे आणि कोणाला किती सोडायचे, हे ठरवून माणसेच ते तयार करतात. काटछाट करणारा कुठेतरी निवड करीत असतो, आणि ती निवड उघडपणे करायला लावणे हा नागरिकाचा हक्क आहे. एवढे एकदा कळले, की तिजोरी रिकामी आहे हे वाक्य चर्चेचा शेवट राहत नाही. ती चर्चेची सुरुवात होते.

आपल्यापैकी अनेक जण उद्या खडू हाती घेतील, काही जण कचेऱ्यांतून अंदाजपत्रके तयार करतील आणि सगळेच कर भरतील, मत देतील. शिक्षणावरच्या खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली, की या तिन्ही जागी बसलेल्यांची परीक्षा असते. कत्तलखान्यांच्या वस्तीतल्या एका सहावीच्या बाईंनी त्या परीक्षेत जे केले, ते कोणालाही करता येण्यासारखे होते. त्या कचेरीत गेल्या, दप्तर मागितले, बाकावर बसल्या आणि आकडे वाचू लागल्या.